गाठ नसलेल्या तीन दोऱ्या

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही — बायकोलाही नाही, आणि तिला तर मी न विचारलेलंही सांगत असतो. घरी पाहुणे आले की मला पुढं बसवतात. सिंदेवाहीचा माणूस इटलीत वरणभात शोधत कसा फिरला, ते ऐकायला. एक डॉक्टरेट, दोन देशांतली दोन विद्यापीठं, दोन गाईड — म्हणजे मी दोन सासवांची एकुलती सून. सगळे हसतात. मीही हसतो. जंगलाचा भाग मात्र दरवेळी गाळतो.

विषय होता सांख्यिकीय भौतिकी. घाबरू नका, सोपं आहे. भामरागडच्या जंगलात झाडांवर हजारो किडे दिवसभर किर्र करत असतात. प्रत्येकाला ऐकू येतो फक्त शेजारचा. तरी मधेच सगळेच्या सगळे एका क्षणात गप्प होतात — आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू. हे कसं घडतं, त्याचं गणित मी मांडत होतो. माझं समीकरण सांगायचं, ही शांतता कधीच लांबत नाही.

आवाज टिपायला यंत्रं होती. आणि डोलूभाऊ होते — तिथलेच माडिया शेतकरी, माझ्याहून वयानं मोठे. किडे गप्प झाले की ते वाकाच्या, म्हणजे सालीच्या धाग्यांच्या, दोरीला एक गाठ मारायचे. दर दिवसाची वेगळी दोरी. त्यांची मोजणी यंत्राशी इतकी जुळायची की इटलीचे सर शोधनिबंधात त्यांचं नाव घालणार होते. दोऱ्या बघायला स्वतः येणार होते.

त्याआधीच्या पावसाळ्यात मी कुठं होतो? चंद्रपूरला, बहिणीकडे, वडाभात चापत. पूर आला, रस्ता बुडाला, जंगलातल्या यंत्रांच्या बॅटऱ्या संपल्या. तीन दिवस कोरे गेले. दोन्ही विद्यापीठांना फाइल तर द्यायची होती — मग ते तीन दिवस मी बहिणीच्या जेवणाच्या टेबलावर बसून बनवले. आणि गंमत बघा — माझं समीकरण सगळ्यात सुंदर बसलं ते त्याच तीन दिवसांत!

सर आले. भर दुपार. डोलूभाऊंनी दोऱ्या ओळीनं मांडल्या. त्यातल्या तीन सपाट. एकही गाठ नाही.

या अशा का, सरांनी मला विचारलं. मी डोलूभाऊंना विचारलं.

"पुराचे तीन दिवस जंगल बोललाच नाई, भाऊ. किडा नाई, पाखरू नाई. मी सकाळपासून बसून राह्यलो. सुरूच नाई झालं, त बंद काय होईन? गाठ कायची मारू?"

म्हणजे मी टेबलावर बनवलेले तेच तीन दिवस. त्या दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मधे मी एकटा. खरं सांगितलं तर समीकरण जाणार, फाइल जाणार, मी जाणार —

"त्याला ताप होता," मी इंग्रजीत म्हणालो. "मोजलंच नाही त्यानं."

आणि किडे थांबले.

सरांनी हौसेनं घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग पाहायचंच सोडलं. पानसुद्धा हलेना. योगायोग? असेल. मी योगायोगांचाच डॉक्टर आहे. डोलूभाऊंनी कमरेची दोरी काढली आणि एक गाठ मारली — सावकाश, वर न बघता.

किती वेळानं कोण जाणे, आवाज परत आला. सरांनी डोलूभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला, आजाऱ्याच्या ठेवावा तसा, आणि मला हळूच म्हणाले, ही मोजणी नको धरू या. नाव गेलं.

सर गाडीत बसल्यावर डोलूभाऊ जवळ आले. "सायबाले सांगतलं ना, तीन दिवसाचं? लेकरं लय भेली होती. काय होतं ते?"

"सांगितलं," मी म्हटलं. "म्हणाले, असं होतं कधी कधी."

त्यांचा चेहरा सैल झाला. तिन्ही सपाट दोऱ्या गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिल्या. "ठेवा. तुमच्या कामाच्या."

पर्लकोटेच्या पुलावर गाडी थांबवून मी त्या नदीत टाकल्या. सरांना वाटलं, काहीतरी इथली रीत असेल. पदवी मिळाली — दोन देशांची, दोन शिक्क्यांची. त्या तीन दिवसांत जंगलाला काय झालं होतं, ते आता कुणालाच कळणार नाही. हे मी केलं.