मिशांचा टाक

दुर्गाबाईच्या घरचा पोतारा एरवी दिवाळीच्या तोंडावर निघायचा. सत्तावन्न साली तो वैशाखातच निघाला. धम्मदीक्षा घेतल्यानंतरची पहिली बुद्धपौर्णिमा होती, आणि घर कोणाचं जास्त पांढरं दिसतं याची वस्तीतल्या बायांत चढाओढ लागली होती. चांदूर बाजारपासून कोसभरावरचं ते गाव. अंगणाअंगणात भिजवलेल्या पांढऱ्या मातीची घमेली, आणि घरातलं सारं सामान बाहेर उन्हात.

स्वच्छतेत दुर्गाबाईचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. तिनं पोतारलेल्या भिंतीवर बोटांची वळणं दिसत नसत. वेचलेल्या कापसातही तिच्या ओटीत पाल्याचा कण सापडायचा नाही. ‘हे बुढी हवा बी झाडून घेते,’ असं शेजारची तानुबाई म्हणे. त्या दिवशीही फुटका रांजण, दात गेलेली फणी, मेलेल्या नवऱ्याच्या मोडक्या वहाणा, काहीही तिच्या हातून सुटलं नाही.

“ज्याचा उपेग नाई, त्याले जागा कायले?” असं म्हणत तिनं सून मैनाकडून सगळं उकिरड्यावर टाकून घेतलं.

मग मुलगा देवमन देवांच्या कोनाड्यापाशी आला. चांदूरच्या शाळेत तो मास्तर होता. वस्तीतले देव घरोघर गोळा करून पूर्णेच्या डोहात सोडायचं काम त्यानं अंगावर घेतलं होतं. आपल्या घराची पाळी त्यानं शेवटी ठेवली होती.

दुर्गाबाईनं स्वतःच्या हातानं एकेक देव टोपलीत टाकला. मरीमायला निरोप देताना म्हणाली, “जाय बाई. लय कोंबडे खाल्ले तू. पोरगं काई वाचवलं नाई.”

शेवटी उरला एक टाक. बोटभर चांदीचा पत्रा, शेंदरानं लडबडलेला. तो तिनं मुठीत धरला.

थोरला श्रावण सात वर्षांचा होऊन पटकीनं गेला, तेव्हा देवमन पोटात होता. घरातलं कोणी अवेळी गेलं, की त्याचा टाक करून देवांत बसवायची चाल होती. नवऱ्यानं पोराच्या पायातले वाळे सोनाराला दिले, टाक करून आणला, आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकण्याआधीच भगतानं त्यावर शेंदूर फासला. तेव्हापासून श्रावण देव झाला. अमावस्येला तेल, सणाला निवद. देवाला काही पोरासारखी जेवायला हाक मारत नाहीत. बावीस वर्षं त्या घरात श्रावणचं नाव कोणी उच्चारलं नव्हतं. देवमनला भाऊ माहीत होता तो कोनाड्यातला लाल गोळा म्हणूनच.

“माय, तो बी दे.”

“हा देव नोहे.”

“मंग काय हाये?”

“पोरगा हाये माहा. देव बुडवले मी. पोरगा नाई बुडवत.”

दारातून तानुबाईचा आवाज आला, “काहो मास्तर, साऱ्याइचे देव निघाले, तुमच्याच घरचा राह्यते का मांगं?”

देवमनचा चेहरा उतरला. आईशेजारी टेकत तो हळूच म्हणाला, “ज्याले शेंदूर लावला तो देवच झाला, माय. मी लोकाइले काय सांगू?”

दुर्गाबाई उठली. “तं शेंदूर काढतो मी.”

न्हाणीच्या दगडावर बसून तिनं चिंच लावली, राख लावली, आणि घासायला घेतलं. मैना पाणी ओतत होती. बावीस वर्षांचा शेंदूर सालपटासारखा सुटत गेला. आधी नाक निघालं, मग डोळे. मग तिचा हात थांबला.

“मैना, ह्या काय हायेत वं?”

मैना वाकली, अडखळली. “मिशा दिसतेत, आत्याबाई.”

“सात वर्साच्या पोराले?”

पिळदार, टोकं वर वळलेल्या मिशा होत्या. सोनाराकडे ठसा एकच. ज्याच्या त्याच्या घरी तोच चेहरा त्यानं ठोकून दिला होता. दुर्गाबाईला हसू फुटलं. दगडावर बसल्या बसल्या ती पोट धरून हसत राहिली, आणि राखेच्या हातानं डोळे पुसत राहिली.

मग तिनं टाक देवमनपुढे धरला. “ने बाबा. हा कोनाचा तरी आजा दिसते.”

आता देवमनचाच हात पुढे होईना. “चांदी तं त्याच्याच वाळ्याइची हाये, माय.”

“वाळे त्याले बोचत. काढून फेके श्रावण. मी आपली शोधत फिरो तणसात.”

नाव तोंडून निघून गेलं, तेव्हा तीच दचकली. मग तिनं टाक स्वतःच टोपलीत टाकला, पोताऱ्याचं फडकं मातीत बुडवलं आणि काजळलेल्या कोनाड्यात हात घातला.

“याच कोनाड्यात बोरं लपवे,” ती पोतारता पोतारता म्हणाली. “इचारलं तं म्हने, देवानं खाल्ली. अन् तोंडभर बिया.”

“मास्तर, चालता ना?” बाहेरून तानुबाई ओरडली.

“येऊन राहिलो,” टोपली उचलत देवमन म्हणाला. आणि ती पुन्हा खाली ठेवून आईजवळ सरकला. “मंग, माय?”