दोन फोटोंतला ठिपका

"सायेब, यावर सही करा, म्हंजे पाठवून देतो," गावित म्हणाले आणि त्यांनी वही माझ्या व्ह्यूअरवर ठेवली. व्ह्यूअर म्हणजे आतून उजेड देणारी पेटी. तिच्यावर एक्स-रे फिल्म लावून आम्ही कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पोटात काय आहे ते पाहतो. पण वहीत कास्टिंगचा नंबर नव्हता. लिहिलं होतं, 'धूमकेतू. सूर्याच्या डावीकडे, खाली.'

सातपूरच्या एका लहानशा लॅबमध्ये मी फिल्म वाचायचो. गावित डार्करूम सांभाळायचे. मूळचे सुरगाण्याकडचे, वयाने माझ्याएवढेच. लाल दिव्यात ते फिल्म धूत असायचे, पाणी ठिबकत असायचं. बाहेर भर दुपारी शिफ्टचा भोंगा वाजायचा आणि आत आपण तळ्याच्या तळाशी बसलोय असं वाटायचं. मला ती खोली फार आवडायची. काम नसतानाही मी तिथे जाऊन बसायचो.

जेवणाच्या सुट्टीत गावित ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सूर्य पाहायचे. अवकाशातला एक उपग्रह कायम सूर्याकडे तोंड करून असतो. उन्हात आपण डोळ्यांपुढे हात धरतो, तसा तो चकतीने सूर्य झाकतो आणि थोड्या थोड्या मिनिटांनी भोवतालचा फोटो पाठवतो. सूर्याच्या फारच जवळ जाणारे छोटे धूमकेतू त्यात दिसतात. बहुतेक पलीकडून निघतच नाहीत, तिथेच विरून जातात. जगभरातली हौशी माणसं ते शोधत असतात. जो आधी कळवेल, त्याचं नाव यादीत लागतं. गावितांना तिथे एकदा आपलं नाव हवं होतं. महिनाअखेरीस ते रिटायर होणार होते आणि त्यांच्या पाड्यावर रेंज नव्हती.

"अहो, माझी सही कशाला? मी काय खगोलशास्त्रज्ञ आहे?"

"आपल्याकडं सहीबिगर रिपोर्ट भाईर जात नाय, सायेब."

हे मात्र खरं होतं. मग मीही ऐटीत उठलो.

आमच्या कामात एकाच पाकिटात दोन फिल्म ठेवून एक्स-रे काढतात. दोन्हींवर डाग एकाच जागी आला, तर लोखंडात पोकळी आहे. जागा जुळली नाही, तर तो फिल्मवरचा ओरखडा किंवा पाण्याचा थेंब. एवढ्यावर मी तीस वर्षं पगार घेतला. गावितांनी दाखवलेले दोन फोटो पाहिले. एकात ठिपका खाली होता, दुसऱ्यात जरासा वर.

"जागा जुळत नाही, गावित. डाग आहे."

"तिसरा फोटो येऊ द्या की."

"दोनांत जुळलं नाही ते तिसऱ्यात काय जुळणार?"

वहीत मी 'डाग' असं लिहिलं आणि झोकात सही ठोकली. मला भूक लागली होती, हेही एक कारण. गावितांनी वही मिटली आणि ते डार्करूममध्ये गेले.

साडेचारच्या चहाला व्ह्यूअरच्या काचेवर एक मुंगी चढली. क्षणभर मला ती पोकळी वाटली. घोट घेऊन पुन्हा पाहिलं, तर ती दोन बोटं पुढे गेलेली. मी कप खाली ठेवला. कास्टिंग जागचं हलत नाही. धूमकेतू हलतो. जागा जुळत नव्हती, म्हणूनच तर तो धूमकेतू होता!

गावितांना हाक मारत मी ऑफिसात धावलो. उशीर झाला होता. दूरदेशीच्या कुणीतरी तो कळवला होता. स्क्रीनवर ठिपक्याला आता बारीक शेपटी फुटली होती. आम्ही दोघं खुर्च्या ओढून बसलो. फोटोमागून फोटो येत होते, ठिपका उजळत चकतीकडे सरकत होता. मग तो चकतीआड गेला. आम्ही पलीकडच्या कडेवर डोळे लावून बराच वेळ बसलो. तिथून काही निघालं नाही.

"गेला," गावित हळूच म्हणाले.

"गावित, तुमचा धूमकेतू मी घालवला. माझं चुकलं."

"वाईट वाटलं, सायेब. लय वाटलं." मग त्यांनी वही पुढे केली. "पण रिपोर्ट चुकीचा ऱ्हायलाय. तो नीट करा."

रिपोर्टमधली चूक आम्ही खोडरबराने पुसत नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. मी 'डाग'वर रेघ मारली. 'धूमकेतू' लिहिलं, सही केली. इतक्या वर्षांत माझ्या सहीच्या रिपोर्टवर मारलेली ती पहिली रेघ. तेव्हापासून जुळत नाही म्हणून काही बाजूला टाकण्याआधी मी ते हलतंय का, एवढं पाहून घेतो.

गावितांनी वही उजेडात धरून तपासली, माझ्या फिल्म मी तपासतो तशी.

"वेळ ऱ्हायली," ते म्हणाले. "मी पाह्यला तवाची घाला."

मी लिहिलं, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. यादीत ज्याचं नाव लागलं, त्या माणसाने तो भारतीय वेळेप्रमाणे पावणेतीनला पाहिला होता.