जिल्दसाजीला गेलेलं पुस्तक

माझी आत्या शामला सरवटे कधी इंग्लंडला गेली नाही, पण तिथल्या एका विद्यापीठात तिला कुणाला रस्ता विचारावा लागला नसता. वसतिगृहाच्या फाटकातून निघालं की उजव्या हाताला रसायनशाळा, पुढे उतार, मग घड्याळाचा मनोरा आणि मनोऱ्यामागे तीन मजली ग्रंथालय. मनोरा बांधून झाल्यावर देणगी संपली, म्हणून घड्याळ सतरा वर्षांनी बसलं. हे ती लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगायची.

सगळं एका निळ्या पुस्तकातून आलेलं. आत्या आमच्या शहराच्या लष्कर भागातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात सहायक होती. १९५५ साली तिने कॉलेजच्या कागदावर इंग्लंडच्या बारा विद्यापीठांना त्यांचं वार्षिक माहितीपुस्तक मागणारी पत्रं टाकली. एकानेच पाठवलं. मोजे विणणाऱ्या गिरण्यांचं ते गाव. एका गिरणीवाल्याच्या देणगीतून, बंद पडलेल्या इस्पितळात नऊ विद्यार्थ्यांवर कॉलेज सुरू झालं. तीस वर्षं तिथली मुलं लंडन विद्यापीठाच्या परीक्षा देत होती, तेव्हा कुठे त्याला स्वतःची सनद मिळाली. आमच्या कॉलेजची मुलं आग्र्याच्या परीक्षा देत. आत्याला त्या गिरण्यांच्या गावाबद्दल माहेरासारखं वाटायला एवढं पुरलं. पुस्तकाच्या शेवटी घडीचा नकाशा होता. त्यावर दोरा ठेवून तिने अंतरं मोजली होती. वसतिगृह ते ग्रंथालय म्हणजे दाना ओली गल्लीतल्या आमच्या दारापासून फूलबागेपर्यंतची निम्मी वाट.

तिची मैत्रीण लीला इंगळे त्याच कॉलेजात रसायनशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होती. लीलाचे वडील दौलतसिंह हे शिंदे सरकारच्या फौजेतले. दोघी रोज बरोबर घरी यायच्या. लीलाला सगळं सहज जमायचं, असं आत्याचं मत. सायकल एका दिवसात, पहिला वर्ग न घोकता.

१९५६ च्या सप्टेंबरात नोटीस लागली. मध्यभारत सरकार कॉलेजच्या नोकरवर्गातल्या एकाला इंग्लंडला शिकायला पाठवणार, अर्जात विद्यापीठाचं नाव लिहायचं. एक नोव्हेंबरला मध्यभारत राज्यच उरणार नव्हतं, ते नव्या मोठ्या राज्यात मिसळणार होतं. राजधानी भोपाळला चालली होती आणि एकतीस ऑक्टोबरपर्यंत न निघालेलं निवडीचं पत्र तिथल्या ढिगात जाईल, हे शिपायालाही ठाऊक होतं. म्हणजे जायचं तर आत्ताच.

आत्याने अर्ज केला. लीलानेही केला. विद्यापीठाच्या रकान्यात लीलाने आत्याचंच विद्यापीठ लिहिलं.

“मला दुसरं कुठलं माहीत आहे गं?” लीला म्हणाली. “तूच तर रोज सांगत असतेस.”

आत्या म्हणते, तिने माझी साडी मागितली असती तर काढून दिली असती. पण त्या रकान्यातलं ते नाव देववेना. ज्या मुलीने तो नकाशा एकदाही उघडला नव्हता, ती त्या उतारावरून चालणार.

मुलाखतीच्या आठवडाभर आधी लीलाने ते पुस्तक मागितलं. आत्या म्हणाली, उद्या देते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कार्ड ट्रेमधून काढलं, जिल्दसाजीच्या, म्हणजे बांधणीच्या, रजिस्टरात नोंद केली आणि पुस्तक पिशवीत घालून टोपी बाजारात नेलं. ग्रंथालयाची रीतच अशी की जिल्दसाजीला गेलेलं पुस्तक प्रिन्सिपॉलसुद्धा मागू शकत नाही. आत्याला स्वतःला पुस्तकाची गरज नव्हती. तिला ते पाठ होतं.

जिल्दसाज म्हाताऱ्याने पुस्तक उलटंपालटं केलं. “बाईजी, इसे हुआ क्या है? ये जिल्द तो मुझसे ज़्यादा जिएगी.”

आत्या म्हणाली, नवी घाला, घाई नाही, दिवाळीनंतर चालेल.

लीलाला तिने सांगितलं तेव्हा लीलाने फक्त कुठे दिलं एवढंच विचारलं.

मुलाखती फूलबागेजवळच्या सरकारी कचेरीत झाल्या. कचेरीची बांधाबांध चालू होती. फायलींचे गठ्ठे व्हरांड्यात, पडदे उतरवून पेटाऱ्यात गेलेले. त्यामुळे आतलं बोलणं बाहेरच्या बाकावर नीट ऐकू येत होतं.

आत्या आधी आत गेली. हेच विद्यापीठ का, असं विचारताच तिने इस्पितळ, नऊ विद्यार्थी, लंडनच्या परीक्षा, सनद, मनोरा, ग्रंथालयातली पुस्तकसंख्या, सगळं सांगितलं. तिन्ही अधिकारी ऐकत राहिले. एकाने हसून विचारलं, तुम्ही तिथे जाऊन आलात काय? आत्याला वाटलं, झालं काम.

मग मधल्या साहेबांनी विचारलं, “परत आल्यावर इथे काय कराल?”

दीड वर्ष आत्या रोज त्या गावी जात होती, पण तिथून परत कधी आलीच नव्हती. ती काहीतरी ग्रंथालयाच्या सुधारणेबद्दल बोलली. साहेबांनी मान हलवली.

लीला आत गेल्यावर आत्या बाकावर बसून ऐकत होती. विद्यापीठाबद्दल विचारलं तेव्हा लीला म्हणाली, मला फारसं माहीत नाही, पुस्तक जिल्दसाजीला गेलंय. पण आमच्या मोहल्ल्यातल्या चार विहिरींचं पाणी चार चवींचं आहे, एका विहिरीच्या पाण्याने मुलांचे दात पिवळे पडतात आणि ते पाणी तपासायला शहरात कुणी नाही, मला ते शिकायचंय. परत आल्यावर काय करणार, हे तिला विचारावंच लागलं नाही.

तीस ऑक्टोबरला लीलाच्या हातात पत्र पडलं. ती पेढे घेऊन ग्रंथालयात आली. आत्याने पेढा खाल्ला. गोड लागला नाही म्हणते, वेलदोडा जास्त होता.

आता पुस्तक अडवून काही उपयोग नव्हता. संध्याकाळी ती टोपी बाजारात गेली. पुस्तक जसंच्या तसं फळीवर होतं. जिल्दसाज म्हणाला, चांगली जिल्द फाडायला हात झाला नाही. मग म्हणाला, “वो दूसरी बाईजी भी यही देखने आई थीं. आपके देने के दूसरे ही दिन. मैंने कहा, चाहें तो यहीं बैठकर पढ़ लें. उन्होंने ऊपर-नीचे देखा, वापस रख दिया.”

आत्या पुस्तक छातीशी धरून दुकानातून उतरली. पुस्तकाची जिल्द धड आहे हे लीलाला मुलाखतीच्या आधीच कळलं होतं. तेव्हापासून रोज ती आत्याबरोबर घरी चालत आली होती आणि त्याबद्दल तिने एक शब्द काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्या राज्याच्या शेवटच्या दिवशी, फूलबागेच्या कोपऱ्यावर आत्याने पुस्तक लीलापुढे केलं.

“वाचलं का नाहीस तेव्हा?”

“वाचून काय करणार होते? तुझ्यासारखं बोलायला गेले असते आणि तुझ्यापुढे कमी पडले असते.” लीलाने पुस्तक घेतलं, निळ्या कापडावरून अंगठा फिरवला. “कापडी जिल्द आहे गं, पक्की. तुला दुसरं काही निमित्त नाही सापडलं?”

“नाही,” आत्या म्हणाली.

“राग आला होता मला. म्हटलं, हिला मनोरा राहू दे, मी विहिरी सांगते.”

मग दोघी नेहमीसारख्या चालत गेल्या. पुढच्या वर्षी लीला बोटीने गेली, तीन वर्षांनी परत आली. मोहल्ल्यातल्या एका विहिरीवर तिने ‘पिऊ नका’ अशी लाल पाटी लावून घेतली. पुढे आमच्या शहरात स्वतःचं विद्यापीठ झालं, तिथे शिकवू लागली. तिचं चांगलं चाललं आणि आत्याला त्याचं काही वाटलं नाही. विहिरींचा हेवा तिने कधी केला नाही.

पण लीलामावशी आमच्याकडे आली की आत्या अजून एकदा तरी विचारतेच, ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावरून घड्याळ मागून कसं दिसतं. लीलामावशी हसून सांगते, मी रसायनशाळेतून बाहेर पडले तर ना, तिसऱ्या मजल्यावर कधी गेलेच नाही.

ती गेली की आत्या कपबश्या उचलताना मला ऐकवते, “तीन वर्षं होती तिथे. तीन वर्षं. मी पहिल्या दिवशी चढले असते.”