हेडबाईंचे आभारप्रदर्शन

शाळेतून निवृत्त झाल्या तरी गल्लीत त्या हेडबाईच राहिल्या. शाळेचा कुठलाही समारंभ असो, आभार मानायला त्याच उभ्या राहायच्या. प्रमुख पाहुण्यांपासून सुरुवात करून खुर्च्या लावणाऱ्या शिपायापर्यंत उतरत यायच्या. तिथवर येईस्तोवर आवाजही उतरलेला असायचा. घरात मात्र त्यांनी कुणाचे आभार मानल्याचं ऐकिवात नाही. त्यांची मुलगी घरातच राहणाऱ्या विधवा नणंदेने वाढवली. त्यात काय, हेडबाईंच्या मते नणंद कुठेतरी राहणारच होती.

मुलीने ग्रीक नवरा केला आणि तिला दिवस गेले. बाळंतपणाला आपणच जायचं, हे हेडबाईंनी ठरवून टाकलं. पण मुलगी सासरी राहत होती. बोलावणं विहीणबाईंकडूनच यायला हवं. म्हणून त्यांनी ग्रीकची शिकवणी लावली.

शिकवणारी पोरगी म्हणाली, घरच्या माणसाने पाणी दिलं तरी 'ना स्ते काला' म्हणा, म्हणजे सुखी राहा. आपल्या माणसांत तसंच म्हणतात.

हेडबाईंना हसू आलं. "मी मुलीची आई. वरमाईला आशीर्वाद देऊ? त्यातून त्या वयानं मोठ्या."

तिथे लहानमोठं बघत नाहीत, हे पोरीने सांगून पाहिलं. पण हेडबाईंना शिकवणार कोण? त्यांनी पुस्तकातले सगळ्यात लांबलचक आभार घोकले: 'सास एफखारिस्तो पारा पोली', म्हणजे आपले फार फार आभार. "पारा कुणाचा चढलाय?" असं नवऱ्याने विचारलं, तर त्याला अडाणी ठरवण्यात आलं.

मग व्हिडिओ कॉल सुरू झाले. विहीणबाईंनी बाळासाठी विणलेलं टोपडं दाखवलं, पारा पोली. तब्येत विचारली, हात जोडून पारा पोली, तेही माइकसमोरच्या आवाजात. विहीणबाई आधी हसायच्या, मग नुसती मान हलवायच्या, पुढे पुढे तर फोन सुनेकडे देऊन उठूनच जायला लागल्या.

शेवटी मुलीनेच सांगितलं. "आई, तू येऊ नकोस. तुला त्यांच्याशी आपलेपणा नकोय, असं वाटतं त्यांना. पाहुणी सांभाळू की बाळंतीण, म्हणतात."

हेडबाईंनी फोन उपडा ठेवला आणि त्या लोकांना रीतभात नाही, असा निकाल दिला. नणंदेने चहा आणून पुढे ठेवला. घोकलेलं तोंडातून निसटलंच, "एफखारिस्तो."

"काय हवंय?" नणंदेने विचारलं.

अर्थ सांगायचा तर मराठीत सांगावा लागला असता.

"साखर," हेडबाई म्हणाल्या.