उभ्या गाडीचं भ्या

गाडी बघायला गेलं की मावशी आधी कुणाशी बोलायच्या नाहीत. सरळ जाऊन बॉनेटवर हाताचा पालथा पंजा ठेवायच्या, तापातल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. बॉनेट कोमट लागलं तर डोक्यावरचा पदर सावरून माघारी.

"आदीच चालू करून ठिवलीय. गार इंजिनाचा आवाज लपवायचाय ह्यांना. मला भ्या वाटतंय बाबा. चल."

"मला भ्या वाटतंय" हे त्यांचं ऊठसूट चाले. मोकळ्या रस्त्याचं भ्या, फार स्वस्तात पडलेल्या वस्तूचं भ्या, गोड बोलणाऱ्याचं तर विचारूच नका. असं कुणीतरी तुमच्याही ओळखीचं असेल. आपण त्यांना हसतो, आणि लांबच्या प्रवासाला निघताना मात्र गुपचूप त्यांच्याच शेजारची जागा धरतो.

मी किनवटकडचा. आठवीत शाळा सुटली, ती सुटलीच. लोणावळ्यात आलो तेव्हा स्टिअरिंग धरता येत होतं, पण घाट कधी पाहिला नव्हता. इथलं धुकं दिसलं तरी मी गाडी कडेला घ्यायचो. दोन मालकांनी मला खंडाळ्याच्या उतारावर एक फेरी मारायला लावून परत पाठवलं. "पोरगा घाबरतोय," म्हणाले. खोटं नव्हतं.

मावशींच्या दोन टॅक्सी होत्या, स्टेशनवरून पाहुणे बंगल्यांवर सोडायच्या. त्यांनी एवढंच विचारलं, "भ्या वाटतं का रे?"

मी मान खाली घालून हो म्हणालो.

"मग बस. ज्याला वाटत न्हाई त्याला मी किल्ली देत न्हाई."

घरापासून इतक्या लांब, माझ्यातली हीच एक गोष्ट कुणाच्या उपयोगी पडेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढे पाहुणे बदलले. लहान टॅक्सी दारात आली की नाकं मुरडू लागले. रिसॉर्टमधल्या लग्नांना उंच, पांढरी, परदेशी बनावटीची गाडी लागू लागली. नवी घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. मावशींनी दोन्ही टॅक्सी विकून वापरलेली एकच मोठी गाडी घ्यायचं ठरवलं. म्हणजे सगळं घर एका इंजिनावर. ते घाटात बसलं तर त्यांचा धंदा बसणार, आणि माझं काय होणार हा विचार मी पुरा करतच नव्हतो.

आम्हाला गाड्या दाखवायला एक एजंट होता. हसरा माणूस. पहिल्यांदा त्याने पेट्रोलची दाखवली, आठ सिलिंडरची. आवाज असा की सुरू आहे की नाही कळू नये.

"मावशी, लोणी आहे लोणी!"

"लोणी घाटात इतळतं रे. पाण्याचे पाइप कशाचे हायेत हिचे? प्लास्टिकचे? मला भ्या वाटतंय."

मग जवळच्याच औंढे गावातल्या एका बंगल्यातली. सहा सिलिंडर, डिझेल. मालक मुंबईचे, महिन्यातून एखाद्या वेळी येणारे. किलोमीटर इतके कमी की एजंट ते पुन्हा पुन्हा म्हणत होता. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. मी दार उघडलं आणि मला नव्या वहीसारखा वास आला. खरं सांगतो, मला तीच हवी होती. इतकी कमी चाललेली गाडी बिघडेल कशाला?

बंगल्याचे रखवालदार आबा अभिमानाने पुढे आले. "लय जपलीय बगा. रोज सकाळी धा मिन्टं चालू करून ठिवतो. बॅटरी उतरू नये म्हून मालकांचा हुकूमच हाय."

"आन् फिरवून आणता?"

"छ्या! फिरवतोय कशाला? जाग्यावरच. मालक आले की बाजारापत्तोर जाती, चिक्की घ्यायला."

मावशींचा चेहरा उतरला. आमच्याकडच्या बंगल्याबंगल्यात हेच चालतं, तुम्ही पहाटे फिरायला गेलात तर ऐकू येईल: बंद फाटकाआड उभ्या गाड्या घुरघुरत असतात. सगळ्यांना वाटतं, गाडी जपली.

त्यांनी मला ऑइलची पट्टी काढायला लावली. ऑइल खुणेच्या चांगलं वर होतं.

"बघा, किती भरपूर ऑइल!" एजंट म्हणाला.

"भरलं कुणी?"

आबा म्हणाले, "कुनीच न्हाई. हात बी लावला न्हाई."

"मग वाडलं कशानं? ऑइल काय गाईवानी वेतं का?"

आबा खो खो हसले. मावशी हसल्या नाहीत. पट्टी माझ्या नाकाशी धरून म्हणाल्या, "हुंग." ऑइलला डिझेलचा वास होता. त्यांची आधीची एक टॅक्सी अशीच गेली होती, स्टेशन ते बंगला, बंगला ते स्टेशन करून करून. तेव्हा गॅरेजवाल्याने समजावलेलं त्या विसरल्या नव्हत्या. डिझेलला लांब पळावं लागतं. नाहीतर धुराच्या वाटेवरची गाळणी काजळीने तुंबते, न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, आणि पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन आतून झिजत राहतं. बाहेरून चकचकीतच.

"चाललेल्या गाडीचं मला येवढं न्हाई वाटत," त्या परत येताना म्हणाल्या. "उभ्या गाडीचं लय भ्या वाटतं."

शेवटी परंदवडीच्या एका ठेकेदाराची गाडी कळली. चार सिलिंडरचं साधं डिझेल. रोज लांबच्या साइटवर जाणारी. मावशींनी कळवलंच नाही. त्यांची सकाळची नमाज झाली आणि आम्ही थेट ठेकेदाराच्या अंगणात. ठेकेदार बनियनवर, तोंडात ब्रश.

"सोयरिकीला आलाय का छापा घालायला?"

"बॉनेट गार हाय तवर आवाज ऐकू द्या भाऊ. मग चहा पाजा."

इंजिन एका चावीत लागलं. इंजिनातल्या साखळीची खडखड नाही, काळा धूर नाही. सीट झिजलेल्या, पायाखाली सिमेंट. किलोमीटर औंढ्याच्या गाडीच्या कितीतरी पट. गाडीचं काम करणाऱ्या गॅरेजवाल्याला बोलावून मावशींनी एकेक गोष्ट विचारली. तो कंटाळला तरी त्या कंटाळल्या नाहीत. मग माझ्याकडे वळल्या.

"तुला काय वाटतं?"

"मावशी, मला भ्या वाटतंय."

"मला बी. पर ह्या गाडीचं कमी वाटतंय. घेऊ."

तीच घेतली. पहिल्या लग्नाला नवरीला घेऊन घाट उतरलो तेव्हा मावशी पुढे माझ्या शेजारी बसल्या. नवरीच्या मामाने विचारलं, या कोण? मी म्हणालो, मालकीण. पुढे कुठेही जायचं तरी त्या पुढेच बसायच्या. मागून रस्ता दिसत नाही म्हणायच्या.

त्या रविवारीही त्या पुढेच बसल्या. छातीत दुखत होतं. डॉक्टरांनी लगेच पुण्याला न्यायला सांगितलं. मागच्या सीटवर त्यांची सून, पाण्याची बाटली घट्ट धरून. कामशेतच्या अलीकडे जुना हायवे गच्च भरला होता. ऊन, चढ, आणि गाड्या मुंगीसारख्या. माझी नजर इंजिनाचा ताप दाखवणाऱ्या काट्यावर आणि त्यांच्यावर, आळीपाळीने. काटा होता तिथेच होता. मावशी पांढऱ्या पडत चालल्या होत्या.

"एसी बंद कर," त्या म्हणाल्या. "इंजिनावर लोड येतोय. मी बसते अशीच."

"केला, मावशी," मी म्हणालो. केला नव्हता.

त्यांनी हळूच हात उचलून समोरच्या एसीच्या जाळीपुढे धरला. गार वारा लागला असणार. माझ्याकडे पाहिलं. मग एका बोटाने ती जाळी माझ्याकडे वळवली. मी घामाने निथळत होतो, हे मला तेव्हा कळलं.

दवाखान्याच्या दारापर्यंत गाडीने एकदाही आचका दिला नाही. मावशी परत आल्या नाहीत.

गाडी मीच चालवतो, आता त्यांच्या सुनेसाठी. पुढच्या सीटवर बसलेले पाहुणे ती जाळी स्वतःकडे फिरवून घेतात. त्यांचं बरोबरच आहे. त्यांना सोडलं, सामान उतरवलं, की निघण्याआधी मी ती पुन्हा माझ्याकडे वळवतो.