साडीगार्डचं विमान

चहा बशीत ओतला की शिवशरण अण्णा आधी बशी डोळ्यांसमोर धरत. चहा लेव्हलला आहे ना, बघत. मगच पीत. एक पेन्सिल कानावर असे, ती सापडत नाही म्हणून दुसरी खिशात. घार दिसली की बोलणं अर्ध्यावर. समोरच्या माणसाचं वजन अंदाजानं सांगायचं, तेही तोंडावर. यामुळे दोन लग्नांच्या पंगतीतून त्यांना लवकर उठावं लागलं होतं.

उद्यमनगरात त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं. शेजारी ऋतुराज राहायचा. सत्त्याण्णव साली तो मराठीत एम.ए. झाला आणि अण्णांनी त्याच्यापुढं रद्दीतलं एक परदेशी मासिक टाकलं. चित्रात तीन चाकांची गाडी, वर कापडी पंख, मागं इंजिन आणि पंखा. दोन माणसं एकामागं एक बसलेली.

"एम्मे, वाच."

"अण्णा, माझं एम.ए. मराठीत आहे."

"मग मराठीत वाच की."

ऋतुराजनं वाचलं. सगळी गाडी पंखाखाली एका बोल्टाला टांगलेली असते. पुढचा माणूस दांडा ढकलून वजन इकडं-तिकडं करतो, तसं विमान वळतं. म्हणून वजन तोलून मापून हवं. अण्णांना हे फार आवडलं. मागची सीट कुणाची, हे त्यांनी तिथंच ठरवलं.

अण्णांच्या पत्नी शिवगंगा अक्का म्हणाल्या, "येतो की. पण स्कूटरवर बसतो तसं, एका अंगानं. आन् साडी सोडणार न्हाय."

पंखा तर सीटच्या अगदी मागं. पदर गेला की संपलं. अण्णांनी कागदावर साडीगार्डची जाळी काढायला घेतली. ऋतुराजनं मासिक पुन्हा चाळलं. त्यात साडीचा विचारच केलेला नव्हता.

"तिकडं बायका पँट घालत्यात," अण्णा म्हणाले. "त्यांचं डिझाईन सोपं."

दोन हजार एक साली सांगाडा तयार झाला. अण्णांनी तो चेनब्लॉकच्या साखळीनं छताच्या गर्डरला टांगला. अक्का एका अंगानं बसल्या आणि मांडीवर मेथी निवडायला घेतली. सांगाडा डावीकडं कलला. अण्णांनी उजव्या बाजूला गुळाची ढेप बांधली. सरळ झाला.

"म्हंजे तिघं जाणार," अक्का म्हणाल्या. "तुम्ही, मी आन् गूळ."

ऋतुराजला हसावं की नमस्कार करावा कळेना. अण्णांनी कागद खोडला. सीट चार बोटं सरकवली. मग साडीगार्डची जाळी जड झाली, विमानाचं नाक वर जायला लागलं. जाळी पातळ केली. यात चार वर्षं गेली.

दोन हजार पाचच्या दिवाळीनंतर गडमुडशिंगी गावाच्या बाजूला, ओळखीच्या आकारामच्या मोकळ्या माळावर अण्णा उडाले. मागं अक्कांच्या वजनाचं वाळूचं पोतं. उसाच्या दुप्पट उंची. तीनदा गेले, तीनदा नीट उतरले. ऋतुराज आ वासून वर बघत होता. आकाराम म्हणाला, "एम्मे, तोंड मिट, चिलटं जात्यात."

पोतं काढलं. अक्का पदर खोचून बसल्या. पट्टा लावला.

"चला की."

अण्णांनी वरच्या बोल्टाला हात लावला. तो त्यांनी स्वतः लेथवर काढलेला होता. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. वाळूच्या पोत्याला घेऊन जाताना त्या बोल्टाकडं त्यांनी बघितलंही नव्हतं.

"गार्डाची एक तार ऱ्हायली," ते म्हणाले.

"आठ वर्सांत?"

"एकच की."

"आन् ती माझ्याच बाजूची?"

"दुसऱ्या बाजूला कोण बसतंय?"

अक्कांनी वरच्या बोल्टाकडं पाहिलं. मग पट्टा सोडला आणि उतरल्या. "सवडीनं लावा," म्हणाल्या.

विमान ट्रॉलीत घालून वर्कशॉपात आणलं. अक्का दुपारी त्या सीटवर बसून मेथी निवडतात. अण्णा तार दुसऱ्याच दिवशी घेऊन आले. तिची गुंडाळी खिळ्याला टांगलेली आहे. तुकडा अजून कापलेला नाही.