गौतमीची काळी नळी

गौतमी ओव्हाळ वरवंडची. दहावीनंतर पाबळला ती लेथ चालवायला शिकली. मग पुण्यात फिजिक्स, आणि त्यानंतर सूर्याच्या वीस-पंचवीसपट जड ताऱ्यांवर पीएच.डी. सूर्य अब्जावधी वर्षं पुरवून पुरवून जळतो. हे तारे सत्तर-ऐंशी लाख वर्षांतच सगळं उधळून मोकळे होतात. तिला असले उधळेच आवडतात.

त्यांचा प्रकाश रंगारंगांत फोडणारं यंत्र ती स्वतः बांधते. सुटे भाग मात्र सणसवाडीत, बबनरावांच्या लेथवर करून घेते.

त्या शुक्रवारी दुपारी ती शेवटचा भाग, ताऱ्याचा प्रकाश यंत्रात नेणारी ॲल्युमिनियमची नळी, न्यायला आली. सात वाजता यंत्राची पेटी डोंगरावरच्या दुर्बिणीकडे निघणार होती. दुर्बिणीवर तिला तीन रात्री मिळाल्या होत्या. त्या हुकल्या, तर पुढची पाळी वर्षानं.

बबनरावांनी फडक्यातून नळी काढली. गौतमीनं डोळा लावला. नळी आतून आरशासारखी चमकत होती.

"मामा, हे काय केलंत?"

"पालिश. दोन तास घासलीय. ताऱ्यासाठी हाय म्हणालीस, म्हटलं आपलं काम फिकं नगं पडाया."

गौतमी स्टुलावर टेकली. ड्रॉइंगवर सगळी मापं होती. आतली बाजू कशी हवी, ते लिहायचंच राहिलं होतं.

"आत काळोख पाहिजे, मामा. बाजूचा उजेड चमकून आत शिरला, की माझा तारा त्यात बुडाला."

"मंग काळा रंग मार."

"गुळगुळीत भिंतीवर तोही चमकतो."

चहा घेऊन आलेल्या आक्काबाई नवऱ्याला म्हणाल्या, "तीस वर्षं लोक चमकवा म्हणत्यात. बिघडवा म्हणणारी ही पहिलीच."

गौतमीनं टेबलावरचा एक नट उचलून सहज उजेडाकडे धरला. त्याच्या आट्यांच्या खाचांत अंधार होता.

"मामा, नळीत आटे पाडू. बारीक. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"बोल्ट कंचा बसवायचा?"

"कुठलाच नाही."

बबनरावांनी आक्काबाईंकडे पाहिलं. "शिकून शिकून हुकली पोरगी." मग त्यांनी लेथवर आतल्या आट्यांचं टूल लावलं आणि बाजूला सरकले. "दुसरी नळी न्हाई. तूच चालव. मोडली तर तुझी, जमली तर माझी."

तिनं ओढणी कमरेला खोचली. पहिल्या फेऱ्याला तिनं टूल केसाएवढंच आत घेतलं. पाचव्या फेऱ्याला ती गुणगुणत होती. चार वाजता आटे झाले. समोरच्या दुकानातून फळ्याला मारतात तो काळा रंग आणला. तो वाळल्यावर बबनरावांनी नळीत डोळा घातला.

"आत काय बी दिसंना."

"मग झाली."

पेटी सातच्या आत बंद झाली.

महिन्यानं तिनं बबनरावांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. रंगांचा एक पट्टा आणि त्यात, ताऱ्यात काय काय आहे ते सांगणाऱ्या बारीक, स्वच्छ, काळ्या रेघा. पुढं ती सणसवाडीला आली, तेव्हा बबनराव एका गिऱ्हाइकाला तो फोटो दाखवत होते.

"तारा हाय ह्यो. नळी आपली. आतनं आटं पाडलेली."

गिऱ्हाईक म्हणालं, "आटं कुणी पाडलं?"

बबनरावांनी दारातल्या गौतमीकडे पाहिलं. तिनं बोट त्यांच्याकडेच केलं. जमली तर त्यांची, तसंच ठरलं होतं.